बंद पडलेल्या स्टेशनचा इतिहास कसा शोधायचा? कुलाबा टर्मिनस धरून सगळं सांगतो

मेट्रो-३ ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्या पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. शेजारी एक काका बसले होते, म्हणाले, चला, एकदाची चर्चगेटच्या पुढे गाडी आली बुवा. मी म्हटलं काका, होती की गाडी पुढे, कुलाब्याला मोठं टर्मिनस होतं, १९३० च्या शेवटी बंद झालं. त्यांना पटेना. चाळीस वर्षं वेस्टर्नने अप-डाऊन केलेला माणूस, पण चर्चगेटच्या पुढे रूळ होते हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं, जाता-येता दिसावं असं तिथे काही राहिलेलंच नाही.

मी स्वतः सहा वर्षं कफ परेडला नोकरी केली, रोज चर्चगेटला उतरून बस नाहीतर चालत, आणि ज्या पट्टीने चालत जायचो तिथूनच कधीकाळी लोकल जायची हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. ते मनाला फार लागलं. मग दोन-तीन वर्षं रविवारचा उद्योग म्हणून शोधत बसलो आणि त्यात जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय. तुमच्या डोक्यात दुसरं कुठलं बंद स्टेशन असेल तरी पद्धत तीच, उदाहरण मात्र मी कुलाब्याचं घेतोय कारण ते मला नीट माहिती आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इमारत शोधत बसू नका, जमीन शोधा. इमारत पाडली की संपली, फोटो सोडून हाताला काही लागत नाही, पण जमीन कुठे जात नाही. मुंबईत तर स्टेशन सुरू का झालं आणि बंद का झालं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा जमिनीतच असतात, म्हणजे ती कुणी भरली, कुणाच्या नावावर गेली, नंतर कुणाला हवी झाली. कुलाबा स्टेशन तर समुद्रात घातलेल्या भरावामुळे जन्माला आलं आणि भरावामुळेच गेलं, हे कळलं की बाकीच्या तारखा आपोआप जागेवर बसतात.

ती गोष्ट आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, त्यातलीच एक बॅक बे, म्हणजे चर्चगेटच्या पश्चिमेचा समुद्र, भरून काढणारी कंपनी, आणि त्या उलाढालीत सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद यांचं. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर पडले, कंपन्या बुडाल्या. पण जेवढा किनारा भरून झाला होता तेवढी लांब अरुंद पट्टी उरली, आणि ती गेली बीबीसीआय रेल्वेला, म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया, आपल्या आजच्या वेस्टर्नची आजी. ही रेल्वे १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आलेलीच होती. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅक बे स्टेशनपर्यंत पहिली लोकल आली, सकाळी ६:४५ ला निघायची आणि संध्याकाळी ५:३० ला परत, दिवसाला एकच. मग १८७० ला चर्चगेट, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत रूळ कुलाब्यापर्यंत. कुलाब्याला का, तर तिथे कापसाचा बाजार होता, कापसाच्या गाठी उतरायच्या, आणि पुढे लष्कराची छावणी. १८९६ ला तिथे ऐसपैस नवीन टर्मिनसची इमारत झाली.

आता शेवट. १९२० च्या सुमाराला गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारने बॅक बे पुन्हा भरायचा घाट घातला, आठ ब्लॉक ठरले होते, त्यातले चारच झाले आणि खर्च इतका बोकाळला की खुर्शेद नरिमन यांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणलं. (आज नरिमन पॉइंट म्हणतो ते त्यांच्याच नावाने, आणि तो भागही भरावाचाच, तो पुढे बऱ्याच वर्षांनी झाला.) त्या योजनेत चर्चगेटच्या दक्षिणेची रुळांची पट्टी आडवी येत होती. नवीन जमीन समुद्राच्या बाजूला आणि मध्ये रेल्वे, असं चालणार नव्हतं. मग लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधायचं ठरलं, क्लॉड बॅटली यांचं डिझाइन, २१ महिन्यांत उभं केलं, १८ डिसेंबर १९३० ला उघडलं, आणि ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद. १ जानेवारीपासून लोकलचं शेवटचं स्टेशन चर्चगेट, आजतागायत.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू का. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे खांब उभे केले, तारा ओढल्या आणि तीन वर्षं पण झाली नाहीत तर सगळं काढून टाकलं. आणि १ सप्टेंबर १९२८ ला फ्रंटियर मेल निघाली ती याच कुलाब्याहून, थेट पेशावरला, ती गाडी आजही गोल्डन टेम्पल मेल नावाने धावते, फक्त मुंबई सेंट्रलहून सुटते आणि अमृतसरला थांबते.

तर आता शोधायचं कसं.

पहिलं काम नकाशे. दोन नकाशे हवेत, एक बंद व्हायच्या आधीचा आणि एक नंतरचा, आणि दोन्ही आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघायचे. मुंबई शहरासाठी लॉटन यांनी १८६५ ते १८७२ मध्ये केलेल्या सर्व्हेचे नकाशे अतिशय बारीक आहेत, घरन् घर दिसतं, पण कुलाब्याचे रूळ तेव्हा नुकतेच पडत होते हे लक्षात ठेवा, त्यामुळे त्यात स्टेशन दिसलं नाही म्हणून घाबरू नका. १९०९ च्या आसपासचे शहराचे नकाशे नेटवर स्कॅन करून ठेवलेले मिळतात, त्यात चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत काळी रेघ स्पष्ट आहे आणि तिच्या पश्चिमेला लगेच निळं पाणी. तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो, कारण मंत्रालय, विधानभवन, एनसीपीए सगळं त्या पाण्यात येतं.

नकाशा जुळवताना रस्ते धरून जुळवू नका, रस्ते रुंद होतात, सरकतात, नावं बदलतात. न हललेल्या गोष्टी धरा. मी ओव्हल मैदानाचे कोपरे, राजाबाई टॉवर आणि कुलाब्याचं अफगाण चर्च हे तीन धरले. टॉवर १८७८ चा, चर्च १८५८ चं, दोन्ही होते तिथेच आहेत. तीन पॉइंट जुळले की बाकी नकाशा बऱ्यापैकी बसतो. मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्ये पण एक फोटो दुसऱ्यावर अर्धपारदर्शक करून ठेवता येतो, त्यासाठी कुठलं मोठं सॉफ्टवेअर शिकायची गरज नाही.

मग प्लॉटचा आकार बघा. रेल्वेची जमीन लांबट असते, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला पसरट, आणि वळण असेल तर हळूच वळतं, रस्त्यासारखं काटकोनात नाही. आजूबाजूच्या सगळ्या इमारती सरळ आणि मध्येच एक कंपाउंड वाकडं दिसलं की तिथे थांबा. कुलाब्याला ती पसरट जागा म्हणजे बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी. बघा, स्टेशन जाऊन इतकी वर्षं झाली पण तिथली जमीन रेल्वेकडेच राहिली, आणि नाव पण रेल्वेतल्या माणसाचं, एफ. सी. बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष. नाव कुठून आलं हे शोधायची सवय लावून घ्या, शहरातल्या बऱ्याच गोष्टी नावात लपलेल्या असतात. कॉटन ग्रीन घ्या, हार्बरवर रोज अनाउन्स होतं, तो कापूस बाजार आधी फोर्टात होता, मग कुलाब्याला गेला, मग शिवडीच्या बाजूला, आणि नाव सोबत घेऊन गेला.

आता कागदपत्रं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि वाया पण इथेच गेला, म्हणून नीट सांगतो.

मी एका जुन्या दप्तरखान्यात गेलो होतो, यादीत कुलाबा शब्द दिसला, रेल्वे आणि जमीन असा विषय, मी खूश होऊन पाच बाडं मागवली, ती यायला दुपार झाली आणि उघडून बघतो तर अलिबाग, पेण, रोहा. रायगड जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होतं, आणि इंग्रजी कागदात दोन्हीचं स्पेलिंग बऱ्याचदा सारखंच दिसतं. माझा आख्खा दिवस गेला. त्यामुळे मुंबईचं कुलाबा शोधताना सोबत बीबीसीआय, चर्चगेट, बॅक बे यातला एक तरी शब्द टाकाच, आणि यादीत तालुक्याचं नाव दिसलं तर ते बाड सोडून द्या.

स्पेलिंगचा घोळ बाकी स्टेशनांचाही आहे. बांद्र्याला जुन्या कागदात बांदोरा, अंधेरीला अंदारू, बोरिवलीला बेरेवला, गोरेगावला पहाडी, नालासोपाऱ्याला नीला. चर्चगेट एक शब्द आणि दोन शब्द असं दोन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं, बॅक बे पण तसंच. कम्प्युटरवर शोधत असाल तर सगळी रूपं वेगवेगळी टाकून बघावी लागतात, एकदा टाकून मिळालं नाही म्हणून सोडून देऊ नका.

कुठे जायचं? राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे जुने सरकारी कागद. पहिल्यांदा जाताना ओळखपत्र घ्या, कशासाठी हवंय ते एका पानावर लिहून न्या, पेन्सिल न्या, आणि सकाळी जा कारण कागद मागवल्यावर यायला वेळ लागतो. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, या दोन्हीकडे जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं आहेत. घरबसल्या सुरुवात करायची तर मुंबई शहराचं १९०९-१० चं तीन खंडांचं गॅझेटियर बघा, एस. एम. एडवर्ड्स यांनी केलेलं, राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने जुनी गॅझेटियर्स नेटवर मोफत ठेवली आहेत, त्यात रेल्वे आणि भराव यांवर भरपूर पानं आहेत. ते स्टेशन चालू असतानाचं पुस्तक आहे हे महत्त्वाचं, नंतर आठवून लिहिलेलं नाही. मराठीत गोविंद नारायण माडगांवकरांचं मुंबईचे वर्णन १८६३ चं, म्हणजे कुलाबा स्टेशन त्यात मिळणार नाही, पण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्यानंतर दहा वर्षांनी मुंबई कशी होती ते आपल्या भाषेत वाचायला मिळतं, आणि त्या वेळचे मराठी शब्द कळतात, जे पुढे शोधताना कामाला येतात.

पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटच्या मुख्यालयात हेरिटेज गॅलरी आहे, आधी चौकशी करून जा. ती इमारतच बघण्यासारखी आहे, बीबीसीआयसाठी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी केलेली, १८९९ ला पूर्ण झाली, व्हीटी करणारे तेच स्टीव्हन्स.

जुनं वेळापत्रक हाती लागलं तर सोनंच, पण त्यातली वेळ वाचताना एक लक्षात घ्या. मुंबईची घड्याळं पूर्वी वेगळी चालायची. बॉम्बे टाइम हा आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होता, रेल्वे मात्र मद्रास टाइम पाळायची, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत रेंगाळला. त्यामुळे एखाद्या बातमीत गाडी अमुक वाजता आली आणि वेळापत्रकात वेगळंच काही, असं दिसलं तर लगेच गाडी लेट होती असं धरू नका, दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा असू शकतात.

जमिनीचे कागद हा वेगळाच विषय आहे पण खूप काही देऊन जातो. मुंबई शहरात, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, प्लॉटला सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असतो, उपनगरात सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबर. हे उलटं विचारलंत तर खिडकीवरून परत पाठवतात. शहराचं कलेक्टर ऑफिस फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे. प्रॉपर्टी कार्डवर जमीन कुणाच्या नावाने आहे आणि कधी बदलली ते असतं. महापालिकेकडून फी भरून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातली त्या प्लॉटची नोंद, काढता येतो, त्यात आत्ताचं आरक्षण कळतं.

माहितीचा अधिकार वापरायचा तर रेल्वे केंद्र सरकारची, अर्जाची फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण अर्जात "स्टेशन का बंद केलं" असं विचारू नका. का, कसं, कशासाठी या प्रश्नांना माहिती उपलब्ध नाही असं एका ओळीचं उत्तर येतं, मला आलंय. कागद मागा. म्हणजे अमुक जमिनीच्या हस्तांतराच्या कराराची प्रत, अमुक वर्षाच्या लँड प्लॅनची प्रत, अशा शब्दांत. एका अर्जात दोन-तीनच मुद्दे ठेवा, दहा मुद्दे टाकले की सगळंच लांबतं.

फोटोंबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण नेटवर सगळ्यात जास्त गोंधळ याचाच आहे. कुलाब्याचा फोटो म्हणून चर्चगेटचा फिरतोय, चर्चगेटचा म्हणून आणखी कुठला. फोटोखाली लिहिलेल्या वर्षावर अजिबात विश्वास ठेवू नका, फोटोत काय दिसतंय ते वाचा. कुलाबा लाइनच्या फोटोत रुळांवर विजेच्या तारा असतील तर तो १९२८ ते १९३० च्या आसपासचाच, इतकी नेमकी तारीख क्वचित मिळते. तारा नाहीत तर आधीचा. मागे राजाबाई टॉवर पूर्ण उभा दिसतोय तर १८७८ किंवा त्यानंतरचा. चर्चगेटजवळ बीबीसीआयच्या मुख्यालयाचा घुमट दिसतोय तर १८९० च्या दशकाच्या शेवटचा किंवा त्यानंतरचा. ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची ओळ असेल तर रूळ गेल्यानंतरचा, कारण ती ओळ १९३० च्या दशकात उभी राहिली, त्याआधी ओव्हलवरून पश्चिमेला बघितलं की आधी रेल्वे आणि मग सरळ समुद्र. राजाबाई टॉवरच्या उंचीवरून घेतलेले जुने फोटो आहेत, त्यात मैदान, रूळ आणि पाणी हे तीन पट्टे एकामागोमाग दिसतात, ते शोधाच. (आणि तो टॉवर बांधायला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. ज्या माणसाचं नाव त्या बुडालेल्या भरावाशी जोडलेलं, त्याच्या टॉवरवरून त्या भरावावरची रेल्वे दिसायची. हे मला जेव्हा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता.)

रस्त्यावरचे फोटो असतील तर ट्राम बघा. १८७४ पासून घोड्याची ट्राम कुलाब्यापासून होती, घोडा जुंपलेला असेल तर १९०५ किंवा त्याआधीचा, विजेची ट्राम असेल तर १९०७ नंतरचा. बस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचा, आणि शहरातली ती पहिली बस पण अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशीच धावली. म्हणजे शेवटची जवळपास तीन वर्षं ट्राम, बस आणि विजेची लोकल तिन्ही कुलाब्यात होत्या. जुन्या पोस्टकार्डांचं मात्र सांभाळून, शिक्क्यावरची तारीख ही पाठवल्याची, फोटो दहा वर्षं आधीचा पण असू शकतो.

आता तारखांचं. कुलाबा कधी सुरू झालं याची तुम्हाला तीन-चार वेगवेगळी वर्षं सापडतील आणि वाटेल कुणीतरी चुकलंय. बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. रूळ पोचणं, मालगाडी सुरू होणं, प्रवासी गाडी सुरू होणं आणि इमारत उघडणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकाने त्यातली एक उचललेली असते. वहीत चार कॉलम करा आणि सापडलेली तारीख कुठल्या कॉलममध्ये जाते ते ठरवा, कुठे वाचलं ते शेजारी लिहा, तेव्हाच लिहा. बंद होण्याचंही तसंच, प्रवासी गाडी बंद झाल्याची तारीख आणि रूळ उखडल्याची तारीख एक नसते.

एवढं झालं की मगच चालायला जा, आधी नाही. आधी गेलात तर काहीच दिसत नाही, रस्ताच दिसतो.

चर्चगेटला उतरून प्लॅटफॉर्मच्या शेवटपर्यंत या, जिथे बफर आहेत. तिथे उभं राहून बघा, रूळ कुठल्या दिशेला चाललेत, सरळ दक्षिणेला. मोठी टर्मिनस बांधतात तशी ही जागा टर्मिनस म्हणून बांधलेली नव्हती, मधलं स्टेशन होतं, त्याला नंतर शेवटचं केलं. हे एकदा कळलं की चर्चगेट वेगळंच दिसायला लागतं. मग सबवेने इरॉस सिनेमाच्या बाजूला बाहेर पडा आणि महर्षी कर्वे रोडने दक्षिणेला चालत राहा. डाव्या हाताला ओव्हल, त्यापलीकडे हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, उजव्या हाताला ती आर्ट डेकोची ओळ, जी २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समुद्राच्या बाजूची ती सगळी पट्टी रुळांची. पुढे मादाम कामा रोड ओलांडा, कूपरेजचं मैदान लागेल, तिथून नाथालाल पारेख मार्गाने, म्हणजे जुन्या वुडहाउस रोडने, बधवार पार्कपर्यंत. रमतगमत गेलात तरी तासाभराच्या आत होतं. रविवारी सकाळी आठच्या आधी निघा, ट्रॅफिक नसतं आणि ऊन पण नसतं.

बधवार पार्क लोकांची राहती कॉलनी आहे, परवानगीशिवाय आत जाऊ नका. २६/११ ला अतिरेकी याच किनाऱ्यावर उतरले होते, त्यामुळे तिथे कॅमेरा काढून घुटमळणाऱ्या माणसाकडे संशयाने बघणं साहजिक आहे. मला एकदा वॉचमनने हटकलं, मी वहीतला जुना नकाशा दाखवला, तर तो गावाकडचा, साताऱ्याचा निघाला आणि मग दहा मिनिटं त्यालाच सगळं सांगत बसलो. पुढे नेव्हीचा आणि लष्कराचा भाग लागतो, तिथे फोटो काढूच नका.

बाजूलाच मच्छीमार नगर आहे, तिथल्या कोळी लोकांशी बोला. १९३० मध्ये गाडीत बसलेलं माणूस आता मिळणार नाही, पण ऐकलेलं सांगणारे आहेत. फक्त प्रश्न नीट विचारा. "इथे स्टेशन होतं का" असं विचारलं की नाही म्हणतात आणि विषय संपतो. "पूर्वी पाणी कुठपर्यंत होतं, होड्या कुठे लावायचे" असं विचारा, ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे. एक मावशी जाळं आवरता आवरता म्हणाली, "माझा बापूस सांगायचा, पानी पार रस्त्यापत्तूर व्हता, ही बिल्डिंगा कुठं व्हत्या तवा." मी वहीतला नकाशा उघडून बघितला तर तिच्या बापाचं आणि नकाशाचं जुळत होतं. असं ऐकलेलं वेगळ्या पानावर लिहा आणि कोण सांगतंय, कुणाकडून ऐकलं ते पण लिहा, तारखांच्या कॉलममध्ये ते मिसळू नका, पण टाकून पण देऊ नका.

कुलाबा झालं की बाकीची पण आहेत. बॅलार्ड पियरला मोल स्टेशन होतं, बोटीतून उतरलेले साहेब लोक तिथूनच थेट मेल गाडीत बसायचे, ते आता बंदराच्या हद्दीत आहे त्यामुळे पायी जाऊन बघणं अवघड, नकाशे आणि फोटोंवरच काम करावं लागेल. अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेला १९२८ ला एक लाइन सुरू झाली आणि १९३४ ला बंद पण झाली, विमानतळासाठी जमीन हवी होती म्हणून. इथेही परत जमीनच. आणि एक स्टेशन तर असं आहे की गाडी आजही त्या जागेवरून जाते, पांजू. १८६७ च्या पहिल्या लोकलच्या स्टेशनांच्या यादीत ते नाव आहे. भाईंदर सोडलं की पूल लागतो, मग मध्ये बेट, मग परत पूल आणि नायगाव, ते मधलं बेट पांजू. विरारकडे राहणारे आपण लाखो लोक रोज त्याच्यावरून जातो आणि गाडी तिथे थांबत नाही. मी अजून त्या बेटावर उतरलेलो नाही, नायगावहून होडीने जावं लागतं. वहीत त्याच्यासाठी चार कॉलम आखून ठेवलेत, पहिल्यात १८६७ लिहिलंय, बाकीचे तीन रिकामे आहेत. पावसाळा संपला की जाणार आहे.